धावत्या घोड्याचे चार पाय

जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात भरधाव घोड्याचे एखादे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे फेकलेले आणि घोडा हवेत! शतकानुशतके चित्रकारांनी घोडा असाच रंगविला आणि जन्मभर घोड्यांत वावरलेल्या जाणत्या लोकांनीही त्याला मान डोलाविली. सर्वांचीच नजर चुकत होती. ही चूक ज्याने सप्रमाण दाखवून दिली, त्या एडवर्ड मायब्रिजचे आयुष्यही त्या घोड्याइतकेच चौखूर उधळलेले होते.

त्याचा जन्म ९ एप्रिल १८३० रोजी इंग्लंडमधील किंग्स्टन या थेम्सकाठच्या गावी झाला. आडनाव मगरिज, पण ते त्याने अनेकदा बदलले. तरुणपणी तो अमेरिकेस गेला आणि सॅन फ्रान्सिस्को शहरी त्याने पुस्तकांचे दुकान थाटले. १८६० साली टेक्सासमध्ये घोडागाडीला अपघात होऊन त्याच्या डोक्याला जबर मार बसला. उपचारासाठी तो मायदेशी परतला, आणि १८६७ च्या सुमारास पुन्हा कॅलिफोर्नियात अवतरला तो छायाचित्रकार होऊनच. योसेमिटीच्या दऱ्याखोऱ्यांच्या चित्रांनी त्याचे नाव झाले.

त्याच प्रांताचे माजी गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड हे रेल्वेचे धनाढ्य मालक आणि घोड्यांचे मोठे शौकीन. दुडक्या चालीने पळताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात काय, हा त्यांचा प्रश्न होता. मोठी पैज लागली होती अशी आख्यायिका आहे, पण तिला पुरावा नाही. १८७२ साली त्यांनी मायब्रिजला पाचारण केले. हाती आली ती जेमतेम घोड्याची सावली.

अडचण कोठे होती? त्या काळी छायाचित्रकार भिंगावरचे झाकण हाताने काढी आणि थोड्या वेळाने हातानेच परत बसवी. डोंगर किंवा देऊळ टिपायला ही रीत पुरेशी होती. पण शर्यतीचा घोडा सेकंदाला सुमारे ५० फूट जातो. अर्धा सेकंद भिंग उघडे राहिले तर तेवढ्यात तो २५ फूट पुढे सरकणार आणि काचेवर नुसता धुरकट पट्टा उमटणार. तोच वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणला, तर घोड्याचे अंग अर्ध्या इंचाच्या आसपासच हलते व आकृती रेखीव येते. म्हणजे सारे मर्म त्या झडपेत, शटरमध्ये होते.

हे काम मध्येच थांबले. १८७४ साली मायब्रिजने आपल्या पत्नीच्या प्रियकराला गोळी घालून ठार केले. १८७५ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले आणि तो काही काळ मध्य अमेरिकेत निघून गेला.

परतल्यावर त्याने पालो आल्टो येथील स्टॅनफर्डच्या घोड्यांच्या आवारात धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले. प्रत्येक भिंगापुढे फटी असलेल्या दोन फळ्या होत्या. विजेच्या चुंबकाने खटका सुटला की रबराच्या ताणाने त्या एकमेकींवरून झपकन सरकत आणि फटी समोरासमोर येत तेवढाच क्षण प्रकाश आत शिरे. या विद्युत् योजनेत रेल्वेचा तरुण इंजिनिअर जॉन आयझॅक्स याचे मोठे साहाय्य झाले. ओल्या कलोडियनच्या काचा प्रकाशाला मंद. म्हणून समोर पांढरी भिंत उभारली आणि जमिनीवरही पांढरा थर दिला. धावपट्टीवर आडवे धागे बांधले. घोडीच्या छातीने धागा तुटला की समोरचे शटर सुटायचे. १८७८ च्या जूनमध्ये पत्रकारांच्या देखत सॅली गार्डनर ही घोडी दौडली.

काचा धुतल्यावर दिसले ते नवलच होते. घोडी पूर्ण अधांतरी होती खरी, परंतु पाय ताणलेले असताना नव्हे. चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना! चित्रकारांत खळबळ उडाली. पॅरिसला १८८१ साली मेसोनिए या नामांकित चित्रकाराने मायब्रिजचा सत्कार केला.

पण आश्रयदाता आणि गुणीजन यांचे नाते किती नाजूक असते, हे संस्थानी शहरांतील आपल्या लोकांना निराळे सांगायला नको. १८८२ साली स्टॅनफर्डने आपल्या डॉक्टर मित्राकडून याच प्रयोगांवर ग्रंथ लिहवून छापला. त्याच्या मुखपृष्ठावर मायब्रिजचे नाव नव्हते. त्यामुळे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढील त्याचा निबंधही मागे पडला. त्याने दावा लावला आणि तो हरला. पैसा, घोडे आणि जागा स्टॅनफर्डची होती हे खरे. परंतु नजर आणि हिकमत कोणाची, हे त्या ग्रंथाने सांगितले नाही.

मायब्रिज खचला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आश्रयाने त्याने कोरड्या काचांवर माणसे, पशू व पक्षी यांच्या हालचाली टिपल्या. १८८७ साली त्यांचे ७८१ तक्ते प्रसिद्ध झाले, आणि ते त्याच्या स्वतःच्या नावाने. फिरत्या काचेच्या तबकडीवरून ही चित्रे पडद्यावर जिवंत करणारे यंत्रही त्याने आधीच, १८७९ साली, बनविले होते. चलच्चित्राच्या वाटेवरचा तो एक आरंभीचा टप्पा.

अखेरीस तो किंग्स्टनला परतला आणि ८ मे १९०४ रोजी तेथेच वारला. आपले यंत्र त्याने गावाच्या संग्रहालयाला दिले. त्याच्या स्मृतिशिलेवर आडनाव चुकून मेब्रिज असे कोरले गेले. जगाची नजर दुरुस्त करणाऱ्याचे नाव अखेरपर्यंत असे निसटतच राहिले. पण सॅली गार्डनर अजून तशीच अधांतरी आहे, पाय पोटाशी घेऊन.