राजा दीनदयाळ

मुलांनो, आज फोटो काढणे किती सोपे झाले आहे! मोबाइल हातात धरला, बोट टेकवले की चित्र तयार. आवडले नाही तर पुसून टाकायचे आणि दुसरे काढायचे. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी फोटो काढणे हे फार कष्टाचे काम होते. त्या काळात कॅमेरा बरोबर घेऊन गावोगाव फिरणारा एक मोठा कलावंत आपल्या देशात होऊन गेला. त्यांचे नाव राजा दीनदयाळ. नावात 'राजा' असले, तरी ते राजघराण्यात जन्मले नव्हते. हा किताब त्यांना आपल्या कामामुळे मिळाला. तो कसा मिळाला, ते आता वाचा.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना या गावी झाला. त्यांचे घराणे जैन जवाहिऱ्यांचे होते. पण दीनदयाळ यांनी हिऱ्यामोत्यांचा व्यापार केला नाही. ते रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले. १८६६ साली त्यांना इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. इमारतींचे नकाशे काढणे आणि बांधकामाला किती खर्च येईल याचा अंदाज करणे, हे त्यांचे काम होते.

इंदूर ही होळकरांची राजधानी. तेथे असताना, १८७४ च्या सुमारास, दीनदयाळ यांना फोटो काढण्याचा छंद लागला. कचेरीचे काम सांभाळून ते ही नवी कला शिकू लागले. महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. हेन्री डेली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेही मदत केली. इंग्लंडचे युवराज १८७५-७६ साली हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा दीनदयाळ यांना त्यांचे फोटो काढण्याची संधी मिळाली. छंदाचा आता हळूहळू व्यवसाय होऊ लागला.

त्या वेळी फोटो कसा काढत, हे तुम्हांला ठाऊक आहे का? समजा, तुम्हांला त्या पद्धतीने रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याचा फोटो काढायचा आहे. मग लाकडी पेटीएवढा जड कॅमेरा, त्याची तिकाटी, काचेच्या तावदानांची खोकी, औषधांच्या बाटल्या, पाणी आणि एक काळा तंबू, एवढे सामान तुम्हांला किल्ल्यावर चढवावे लागेल. वर पोहोचल्यावर काळ्या तंबूत शिरायचे. काचेवर औषधांचा पातळ थर द्यायचा. तो थर ओला असतानाच काच कॅमेऱ्यात बसवायची, फोटो घ्यायचा आणि धावत तंबूत परत यायचे. थर वाळण्याच्या आत काच दुसऱ्या औषधाने धुवायची. समुद्रावरून वारा सुटला, काचेवर धूळ बसली किंवा थर वाळला, तर सारी मेहनत वाया! आणि सगळे नीट जमले, तरी काच फुटू न देता घरी आणायची. पुढे कागदावर फोटो उमटवायचा. त्या कागदालाही अंड्यातील पांढऱ्या भागाचा लेप दिलेला असे.

अशा कष्टाच्या काळात दीनदयाळ यांनी मोठा प्रवास केला. १८८२ साली लेपेल ग्रिफिन या अधिकाऱ्याबरोबर ते बुंदेलखंडात फिरले. जुने किल्ले, मंदिरे, राजवाडे आणि स्तूप यांचे त्यांनी फोटो काढले. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची येथील फोटोंचे पुस्तक १८८६ साली निघाले. जुन्या इमारती ऊन-पावसाने झिजतात, कधी पडतातही. त्या काळी त्या कशा दिसत होत्या, हे आज आपल्याला अशा फोटोंतून कळते.

आता दीनदयाळ यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. एका बाजूला सरकारी नोकरी होती. तिच्यात ठरलेला पगार आणि मान होता. दुसऱ्या बाजूला कॅमेरा होता. त्यातून रोजची भाकरी मिळेलच, याची खात्री नव्हती. दीनदयाळ यांनी प्रथम दोन वर्षांची रजा घेतली आणि देशातील स्थळांचे फोटो काढण्याचे आपले काम पुढे नेले. नंतर त्यांनी नोकरीच सोडली. १८८५ साली ते व्हाइसरॉयचे छायाचित्रकार झाले आणि १८८६ साली त्यांनी सिकंदराबादला आपला स्टुडिओ उघडला. याच १८८६ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला रत्नागिरीस आणून ठेवले, हे लक्षात ठेवा. म्हणजे तो काळ तुमच्या नजरेसमोर उभा राहील.

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना दीनदयाळ यांचे काम फार आवडले. त्यांनी दीनदयाळ यांना आपल्या दरबाराचे छायाचित्रकार नेमले. दरबार, मिरवणुका, शिकार, महाल यांचे असंख्य फोटो दीनदयाळ यांनी काढले. निजामाच्या राज्यात तेव्हा मराठवाडाही होता. त्यामुळे वेरूळचे कैलास लेणे, दौलताबादचा किल्ला आणि औरंगाबादचा बीबी का मकबरा यांचेही त्यांचे फोटो आहेत.

त्या काळी पडद्यात राहणाऱ्या स्त्रिया परक्या पुरुषासमोर येत नसत. मग त्यांचे फोटो कोण काढणार? दीनदयाळ यांनी यावर उपाय शोधला. १८९२ साली त्यांनी हैदराबादला खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला. तेथे फोटो काढणारी एक इंग्रज बाई होती. पुरुषांना आत प्रवेश नव्हता. लोकांच्या चालीरीतींचा मान राखून त्यांनी आपली कला घराघरांत पोहोचवली.

१८९४ साली निजामांनी त्यांना 'राजा' आणि 'मुसव्विर जंग' हे किताब दिले. चित्रकाराला उर्दूत मुसव्विर म्हणतात, हे तुम्हांला सांगायला नको. कॅमेऱ्याने काढलेले चित्र हेही खरे चित्रच आहे, असा मान यातून त्यांना मिळाला. १८९६ साली त्यांनी मुंबईला मोठा स्टुडिओ थाटला. १८९७ साली इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्याकडूनही त्यांना सन्मानपत्र आले. ज्ञानचंद आणि धरमचंद हे त्यांचे मुलगे त्यांना कामात मदत करत.

पण मुलांनो, दीनदयाळ यांनी फक्त राजेरजवाड्यांचेच फोटो काढले, असे समजू नका. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या भागात लोकांचे फार हाल झाले. निजाम सरकारने तेथे मदतीची कामे सुरू केली आणि त्यांचे फोटो काढण्याचे काम दीनदयाळ यांच्या स्टुडिओकडे आले. त्या फोटोंत हाडांचे सापळे झालेली माणसे दिसतात. ज्या कॅमेऱ्याने दरबारातील हिरे टिपले, त्याच कॅमेऱ्याने भुकेल्या माणसांच्या बरगड्याही टिपल्या. हे फोटो सरकारच्या सांगण्यावरून काढलेले होते, हे खरे. तरीही काचेवर जे उमटले, ते दुःख खरे होते. दुष्काळात किती माणसे जगली वा मेली, हे आकडे पुस्तकांत असतात. पण उपास म्हणजे काय, हे ते चेहरे पाहिल्यावर अधिक समजते.

५ जुलै १९०५ रोजी मुंबईत दीनदयाळ यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचा मोठा ठेवा मात्र सुरक्षित राहिला. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या स्टुडिओच्या २८५७ काचा मिळवून जतन केल्या. २००६ साली भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

त्यांचे फोटो पाहिलेत, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. पुष्कळ फोटोंच्या खाली क्रमांक आणि स्थळाचे नाव नीट लिहिलेले आहे. त्यामुळे शंभर वर्षांनंतरही कोणता किल्ला, कोणता महाल, हे ओळखता येते. तुमच्या घरी आजी-आजोबांचे, दादी-नानांचे जुने फोटो असतील. त्यांतील माणसे कोण, फोटो कोठे आणि कधी काढला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या आणि पाठीमागे हलक्या हाताने पेन्सिलीने लिहून ठेवा. सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे काम होऊ शकते. फोटो चेहरा सांभाळून ठेवतो. नाव मात्र आपल्यालाच सांभाळावे लागते.