वेधशाळेत घडलेला प्राध्यापक

नायगावसारख्या तालुक्याच्या गावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याची प्रयोगशाळेशी खरी गाठ पडते ती बहुधा परीक्षेच्या तोंडावर. प्रयोगवहीत आकडे भरायचे असतात आणि गेल्या वर्षीच्या वहीत ते तयारच असतात. आम्ही अर्थशास्त्राचे लोक. आकडा आला कोठून, हे विचारण्याची आम्हांस सवय. म्हणूनच केरो लक्ष्मण छत्रे यांचे चरित्र आज आठवते.

नानांचा जन्म १८२४ साली अलिबागजवळील नागाव येथे झाला. शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत. सोळाव्या वर्षी, १८४० मध्ये, ते कुलाब्याच्या वेधशाळेत प्रा. आर्लिबार यांच्या हाताखाली नोकरीस लागले. काम हवामानाचे व भूचुंबकत्वाचे वेध घेण्याचे. नेमल्या वेळी उपकरणापाशी उभे राहायचे आणि दिसेल तेच लिहायचे. चुकलेली वेळ पुन्हा येत नसे. सुमारे दहा वर्षांची ही चाकरी हेच त्यांचे महाविद्यालय ठरले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पदवी नसलेले नाना त्यापूर्वीच पुण्यात गणित व सृष्टिशास्त्र शिकवू लागले होते.

पंचांगे तेव्हा प्रामुख्याने सोळाव्या शतकातील ‘ग्रहलाघवा’वरून होत, गणिताने आलेला ग्रह आकाशात त्या जागी सापडेलच असे नसे. युरोपीय ग्रंथांच्या आधारे नानांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने १८६५ पासून नवे पंचांग निघू लागले. त्यात अयनांश वेगळे असल्याने संक्रांतीचे दिवस बदलत. त्याला अनुयायी थोडेच लाभले, तरी ते निघत राहिले. पुढे डेक्कन कॉलेजात टिळकांसारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकले. १८७९ साली नाना निवृत्त झाले आणि १८८४ साली निवर्तले.

विज्ञान करून शिकायचे तर महागडी उपकरणे हवीत, अशी सबब आपण पुढे करतो. मे महिन्याच्या मध्यास नायगावी मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. अंगणात रोवलेल्या सरळ काठीची सावली तेव्हा नाहीशी होते. तो क्षण टिपायला काठी आणि घड्याळ पुरे. विद्यार्थ्याने स्वतः घेतलेली नोंद थोडी चुकली, तरी तिला उतरवलेल्या अचूक आकड्याहून अधिक गुण द्यावेत. एवढे धैर्य आम्हां शिक्षकांनी दाखविले, तर नाना आम्हांस थोडेफार कळले असे म्हणता येईल.