गुंत्यामागचा माणूस

नोव्हेंबर १९०६ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत अलॉइस अल्झायमर यांनी एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूविषयी निबंध वाचला. त्यावर कोणीही प्रश्न विचारला नाही. सभा पुढील विषयाकडे वळली.

१८६४ मध्ये बव्हेरियातील मार्क्टब्राइट येथे जन्मलेले अल्झायमर १८८८ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. मनोविकाराचे मूळ मेंदूच्या पेशींत शोधण्याचा ध्यास त्यांनी व त्यांचे सहकारी फ्रान्झ निसल यांनी घेतला. १९०१ मध्ये ५१ वर्षांची ऑगस्टे तेथे दाखल झाली. स्वतःचे नाव लिहितानाही ती मध्येच थांबे. वार्धक्यापूर्वीच ओढवलेले हे विस्मरण अल्झायमर यांनी बारकाईने टिपून ठेवले. पुढे म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे त्यांनी प्रारंभी विनावेतन काम केले. परंतु त्या रुग्णेचा विसर पडू दिला नाही. १९०६ मध्ये ती निवर्तल्यावर तिचा मेंदू मागवून त्यांनी तो चांदीच्या क्षारांच्या साहाय्याने रंगवून तपासला. मज्जापेशींत तंतूंचे गुंते आढळले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकारास अल्झायमर यांचे नाव दिले. १९१५ मध्ये ब्रेस्लाउ येथे वयाच्या ५१ व्या वर्षी अल्झायमर यांचे निधन झाले. ते गुंते कशाचे, हे मात्र तोवर अज्ञातच होते.

१९७५ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे टाऊ या प्रथिनाचा शोध लागला. मज्जापेशीच्या लांब तंतूत सूक्ष्मनलिका असतात. पेशीतील मालवाहतुकीचे ते जणू लोहमार्गच. पेशीची वाढ होत असताना टाऊ या नलिकांना स्थैर्य देते. रोगात मात्र त्यावर फॉस्फेटचा अतिरिक्त भार चढतो. ते नलिकांपासून सुटते आणि आपसांत गुंतते. अल्झायमर यांनी पाहिलेले गुंते प्रामुख्याने टाऊचेच, हे १९८६ च्या सुमारास स्पष्ट झाले.

ट्युबिंगेनच्या त्या सभेपासून या उत्तरापर्यंत ८० वर्षे लोटली. हा रोग समूळ बरा करणारे औषध अद्यापही नाही. संशोधनावरील खर्चाचा लाभ वर्षअखेरीस मागणाऱ्यांनी हा कालावधी ध्यानी घ्यावा. विनावेतन राबणाऱ्या एखाद्याच्या पदरमोडीवर विज्ञान सोपविणे कोणत्याही समाजास शोभत नाही. आणि घरातील वृद्धाच्या विस्मरणास म्हातारचळ म्हणून हिणविण्यापूर्वी, तो स्वभावदोष नसून पेशींचा आजार असू शकतो, याचे भान प्रत्येकाने ठेवावे. अल्झायमर यांच्या आयुष्याचा खरा बोध हाच आहे.