वाटाण्याचा वेल
कै. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिल्यापासून त्यांस या कलेचा ध्यास लागला. १९१२ साली विलायतेहून त्यांनी कॅमेरा आणिला. परंतु भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरिला व महिनाभर एकेक करून त्याच्या वाढीची चित्रे घेतली. पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता वेल झाला! नुसत्या बोलण्याने जो सावकार वळला नसता, तो या इवल्याशा नमुन्याने वळला. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्या कामी खर्ची पडले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन चित्रगृहात लागला. त्याच्या फितीस छिद्रे पाडण्याचे किचकट काम अंधारात बसून बाईंनीच केले होते.