बास्केटबॉलचे जनक

इ. स. १८९१ चा डिसेंबर महिना होता. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी कडाक्याची थंडी पडली होती. मैदानावर खेळणे अशक्य झाल्याने तेथील शारीरिक शिक्षणाच्या विद्यालयातील तरुणांना व्यायामशाळेतच कवायत करावी लागे. तिला ते विटून गेले होते. एका वर्गातील अठरा विद्यार्थ्यांपुढे तर दोन शिक्षकांनी हात टेकले. अखेर तो वर्ग जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकांकडे आला. घरात खेळता येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत शोधावा, असे प्रमुखांनी त्यांना सांगितले.

नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील आल्मॉन्ट गावाजवळ झाला. नवव्या वर्षीच त्यांच्या आईवडिलांचे छत्र हरपले. लहानपणी शाळा सोडून त्यांनी लाकूडतोडीची कष्टाची कामे केली. पण पुढे पुन्हा शाळेत जाऊन त्यांनी विद्यापीठाची पदवी मिळविली. संकटाला पाठ दाखविणे त्यांना ठाऊक नव्हते.

त्यांनी प्रथम मैदानी खेळच घरात खेळवून पाहिले. परंतु कोणी जखमी होई, तर कधी खिडक्यांच्या काचा फुटत. मुदत संपत आली. तेव्हा नेस्मिथ शांतपणे विचार करू लागले. खेळाडू चेंडू घेऊन धावतो, म्हणून इतर त्याच्यावर तुटून पडतात. मग चेंडू घेऊन धावण्यासच मनाई केली तर? लहानपणी खडकावर ठेवलेला दगड नेमाने पाडण्याचा खेळ ते खेळत. त्यात जोराने मारण्यापेक्षा अलगद वर फेकलेला दगड अधिक उपयोगी पडे. ती आठवण होताच लक्ष्य डोक्यावर टांगण्याची युक्ती त्यांना सुचली. तेथे बळापेक्षा कौशल्यच कामी येणार होते!

विद्यालयाच्या नोकराने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. जमिनीपासून दहा फुटांवर, सज्जाच्या कठड्याला त्या बांधल्या. नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. नऊ-नऊ जणांचे दोन संघ झाले. कुरकुरत आलेली मुले खेळात रंगून गेली. त्या पहिल्या सामन्यात चेंडू एकदाच टोपलीत पडला. तो काढण्यासाठी शिडी लावावी लागे. इंग्रजीत टोपलीला बास्केट म्हणतात. त्यावरून खेळाला बास्केटबॉल हे नाव मिळाले.

पाहता पाहता तो देशोदेशी पसरला. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याला स्थान मिळाले. तो सोहळा पाहण्याचे भाग्य वृद्ध नेस्मिथ यांना लाभले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी ते निवर्तले. ज्या वर्गाला सारे कंटाळले होते, त्याच वर्गासाठी त्यांनी शोधलेला खेळ आज जगभरची मुले आनंदाने खेळत आहेत.