बोलायला उभं राहण्याचं कारण

रौप्यमहोत्सवाच्या या स्मरणिकेत थोरामोठ्यांपैकी कुणाचं तरी चरित्र असावं, असं ठरलं, तेव्हा मी महात्मा गांधींचं नाव घेतलं. त्यांच्या सत्याग्रहाबद्दल सगळ्यांनाच ठाऊक आहे. मला लिहायचंय ते त्यांच्या सभाभीतीबद्दल. मला स्वतःला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते, त्यामुळे हा भाग मला फार जवळचा वाटतो.

१८८८ ते १८९१ या काळात गांधीजी लंडनला बॅरिस्टरीसाठी होते. तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांना घेतलं होतं, पण ते बैठकीत गप्पच बसायचे. एकदा डॉ. अ‍ॅलिन्सन नावाच्या सभासदाला त्याच्या वेगळ्या मतांमुळे काढून टाकायचं घाटत होतं. गांधीजींनाही ती मतं पटत नव्हती, पण तेवढ्यासाठी माणसाला काढणं अन्यायाचं वाटत होतं. त्यांनी मुद्दे कागदावर लिहून नेले, पण वाचायचा धीर होईना. शेवटी ते दुसऱ्यानेच वाचून दाखवले.

बॅरिस्टर होऊन मुंबईला आले, तरी तीच गत. स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला मिळाला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं. प्रश्नच सुचेना. खाली बसले, खटला दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगितलं आणि तिथून निघून गेले. स्वतःचं नाव व्हावं, चार पैसे मिळावेत, एवढ्या कारणाने काही जीभ सुटली नाही.

१८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेला गेले. पीटरमारित्झबर्गला पहिल्या वर्गाच्या डब्यातून त्यांना उतरवलं, हे आपण शाळेत शिकलोय. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रिटोरियाला पोचल्यावर बघितलं, तर तिथल्या हिंदी लोकांना तीन पौंडांचा कर, फुटपाथवर चालायला बंदी, रात्री नऊनंतर परवान्याशिवाय बाहेर पडायचं नाही. मग थोड्याच दिवसांत त्यांनी तिथल्या हिंदी लोकांची सभा बोलावली. आलेले बहुतेक मेमण व्यापारी होते.

आयुष्यातलं पहिलं म्हणण्याजोगं भाषण त्यांनी तिथे केलं. विषय ठरवून, तयारी करून गेले होते. आधी ऐकणाऱ्यांनाच सांगितलं की व्यापारात खरं वागा, स्वच्छता पाळा, जातीधर्माचे भेद विसरा. मग मंडळ काढू या म्हणाले, आणि त्यासाठी स्वतःचा वेळ देऊ केला. इंग्रजी शिकवायचीही तयारी दाखवली. खरोखरच तिघं शिकायला तयार झाले : एक न्हावी, एक कारकून, एक छोटा दुकानदार.

पण म्हणून भीती कायमची पळाली असं नाही बरं का! १८९६ मध्ये मुंबईत सर फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. भाषण छापून हातात होतं, तरी आवाज कापायला लागला, मागच्यांना ऐकू जाईना. अखेर ते दिनशा वाच्छांनी वाचलं आणि सभा हलली. गांधीजींना त्यात कमीपणा वाटला नाही. आफ्रिकेतल्या आपल्या माणसांची दैना मुंबईपर्यंत पोचली, याचंच समाधान.

याच शहरात ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर हाच माणूस बोलला आणि देश उठला. पण फर्डे वक्ते ते कधीच नव्हते. आवाज बारीक, हातवारे नाहीत. बुजरेपणामुळे शब्द जपून वापरायची सवय लागली, हा त्यांना पुढे फायदाच वाटला.

मला यातून एवढंच कळलं : चांगलं बोलता यायला हवं, या इच्छेने भीती जात नाही. आपण गप्प बसलो तर नुकसान कुणाचं होईल, ते डोळ्यांसमोर आलं की पाय लटपटत असले तरी माणूस उभा राहतो. आपल्याकडे ज्यांच्या नळाला पाणी चढत नाही त्या आजी सभेला येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी कुणीतरी बोलायला हवं. कागदावर लिहून आणलं तरी चालेल. आणि वाचवलं नाही, तर शेजारच्याकडे द्यावं.