स्टेला थॉमस
स्टेला जेन थॉमस (१९०६ – १९७४), विवाहोत्तर नाव स्टेला मार्क, या पश्चिम आफ्रिकेतील पहिल्या महिला बॅरिस्टर व नायजेरियातील पहिल्या महिला दंडाधिकारी होत्या.

त्यांचे वडील पीटर थॉमस हे मूळचे सियेरा लिओनचे. लागोस येथे त्यांचा मोठा व्यापार होता. स्टेला यांचे शालेय शिक्षण फ्रीटाउनच्या ॲनी वॉल्श मेमोरियल स्कूलमध्ये झाले. १९३३ साली लंडनच्या मिडल टेंपलमधून त्या बॅरिस्टर झाल्या.

लंडनमध्ये वेस्ट आफ्रिकन स्टुडंट्स युनियनच्या कार्यात त्या सक्रिय होत्या. लीग ऑफ कलर्ड पीपल्स या संस्थेच्या संस्थापक सदस्यांतही त्यांची गणना होते. १९३४ साली मार्जरी पेरहॅम यांनी रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये आफ्रिकेतील अप्रत्यक्ष राज्यपद्धतीवर व्याख्यान दिले. पारंपरिक सरदारांकरवी कारभार चालवणाऱ्या या पद्धतीत शिक्षित आफ्रिकी लोकांना फारसे स्थान नव्हते. व्याख्यानानंतरच्या चर्चेत थॉमस यांनी तिच्यावर टीका केली, तीही या पद्धतीचे शिल्पकार लॉर्ड लुगार्ड यांच्यासमोर. नावामागील ‘पहिल्या’ या बिरुदापुढे हा प्रसंग उगाच झाकोळला जातो.

लागोसला परतल्यावर त्यांनी वकिली सुरू केली. फ्रीटाउनचे वकील रिचर्ड ब्राइट मार्क यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४३ साली त्यांची दंडाधिकारीपदी नियुक्ती झाली, म्हणजे ज्या वसाहती राजवटीला त्यांनी प्रश्न विचारले होते, तिच्याच न्यायासनावर त्या बसल्या. नायजेरियाला स्वातंत्र्य मिळण्यास तेव्हा १७ वर्षे अवकाश होता.

त्यांची धाकटी बहीण आयरीन इघोदारो या सियेरा लिओनच्या पहिल्या महिला डॉक्टर होत.